शाळेच्या अंगणातलं एल्मबरो

आमच्या शाळेतल्या पोरांना गोदावरी कुठल्या दिशेला वाहते हे सांगता यायचं नाही. आता ती शाळेच्या मागूनच वाहत होती, खिडकीतून आंब्याची कोय फेकली तर तिच्यात पडेल इतकी जवळ. पण तो भाग मास्तरांनी शिकवायला घेतला नव्हता, त्याला पोरं तरी काय करणार? उलट अमेरिकेतल्या एल्मबरो नावाच्या खेड्यात टपालकचेरीच्या डाव्या हाताला कोण राहतो, त्याच्या घोड्याचं नाव काय आणि तो घोडा कोणत्या पायाने लंगडतो, हे दुसरीतलं शेंबडं पोरगंसुद्धा झोपेत सांगायचं.

मी नगरहून त्या मिशनच्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं. गाव पुणतांब्याच्या अलीकडे, आडबाजूला. पहिल्याच दिवशी दुपारी मी वर्गात खड्या आवाजात कविता म्हणायला घेतली, तर मास्तर ओठांवर बोट ठेवून धावत आले.

"हळू. सगळे झोपलेत."

"कोण झोपलेत?"

त्यांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढून माझ्या नाकासमोर धरलं. "एल्मबरोत मध्यरात्र उलटून गेली आहे."

ते घड्याळ एल्मबरोच्या वेळेवर लावलेलं असायचं. शाळा भरली की तिकडे निजानीज, शाळा सुटली की तिकडे कोंबडा आरवायचा. त्यामुळे आमच्या शाळेत पाढेसुद्धा कुजबुजत म्हणत. इन्स्पेक्टरसाहेबांनी एकदा शेऱ्यात 'येथील शिस्त वाखाणण्याजोगी' असं लिहिलं ते यामुळेच. त्याच शेऱ्यात पुढे होतं, 'मुलांचे ज्ञान सखोल आहे, मात्र जागा चुकलेली आहे.' मास्तरांनी पहिलं वाक्य पाद्रीसाहेबांना वाचून दाखवलं. दुसऱ्यावर शाई सांडली. अपघात कोणाच्या हातून होत नाहीत?

मास्तरांचा कोट एका वारलेल्या पाद्रीसाहेबाचा. साहेब ताडमाड, मास्तर बोराटीच्या झुडपाएवढे. त्यामुळे वर्गात आधी कोट शिरायचा आणि मास्तर मागाहून यायचे. हा गृहस्थ जन्मात मनमाडच्या पलीकडे गेला नव्हता. एकदा मिशनच्या कामाला नगरला गेला तर माळीवाड्यात असा हरवला, की दुसऱ्या दिवशी उसाच्या गाडीवरून परत आणावा लागला. पण डोळ्यांना पट्टी बांधून एल्मबरोत सोडला असता, तर थेट लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन थांबला असता.

याचं मूळ एका मडमसाहेबांपाशी होतं. मास्तर म्हणजे मोठ्या दुष्काळात मिशनच्या पायरीवर सापडलेलं पोर. मडमसाहेबांनी ते उचललं, वाढवलं, आणि रोज निजताना राजाराणीच्या गोष्टींऐवजी आपल्या माहेरच्या गावाची गोष्ट सांगितली. एका गाडीचा आस मोडला म्हणून ते गाव कसं वसलं, कोणाचं डुक्कर कोणाच्या बटाट्यात शिरलं, देवळं दोन आणि घंटा एकच असल्यामुळे केवढा अनर्थ झाला, सगळं. म्हातारपणी आजारी होऊन त्या जहाजाला निघाल्या तेव्हा याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझं तिकडचं घर आता तुझं." दुसऱ्या कोणी हे ऐकून डोळे पुसले असते. मास्तरांनी ताबा घेतला.

म्हणजे कसं, तर शाळेच्या अंगणात त्यांनी पांढऱ्या मातीचं एल्मबरो बांधलं. मधून ओढा, तोही खरा, रोज सकाळी घागरीने भरायचा. उत्तरकाठाला गिरणी, टपालकचेरी, घंटेचं देऊळ आणि मडमसाहेबांच्या वडिलांचं घर. दक्षिणकाठाला दुकान, लोहार, लाकूडवाला आणि बिनघंटेचं देऊळ. घरं गुडघ्याएवढी. डिसेंबर आला की मास्तर श्रीरामपूरहून कापूस आणून त्यावर बर्फ पाडायचे. तो बर्फ पाटलाच्या शेळ्या खायच्या. एका पावसाळ्यात कोंबडीने टपालकचेरीत अंडं घातलं. मास्तरांनी त्या दिवशी वर्गात जाहीर केलं, "ही घटना इथली आहे. तिकडच्या इतिहासात धरू नये." इतका काटेकोर माणूस.

शाळेत नाव घातलं की प्रत्येक मुलाला एल्मबरोतलं एक घर मिळायचं. मातीच्या गावापुढे मांडी घालून त्या घराची चतुःसीमा म्हणायची, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, अगदी खरेदीखतात असते तशी. ती बिनचूक आली की घर पोराचं, जन्मभराचं. पुढे त्याचं लेकरू शाळेत आलं की बापाचं घर त्याला. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं घर रिकामं. यात जात, मान, वतन काही चालायचं नाही. गावकुसाबाहेरच्या एका पोराला न्यायाधीशाचा बंगला लागला आणि पाटलाच्या पोराला थडगी खणणाऱ्याचं खोपट. पाटील काठी घेऊन आले. मास्तर म्हणाले, "पाटील, तुमची पाटीलकी गावच्या शिवेपर्यंत. हा समुद्रापलीकडचा मामला आहे." पाटलांना समुद्राचा अंदाज नव्हता. ते काठी घेऊन परत गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण आमचा मुलूख असा, की याला घर दाखवा, हा बांधावरून भांडण उकरून काढील. मी आलो तोवर दोन पिढ्या या शाळेतून बाहेर पडल्या होत्या आणि गाव सरळ उभं चिरलेलं होतं. विहिरीवर कळशीला कळशी लागली की आधी प्रश्न, "तू कुठल्या काठचा रं?" कारण एल्मबरोत पूल नव्हता. पूर्वी होता. एका पुरात दक्षिणकाठच्या लाकूडवाल्याचे ओंडके वाहत आले, पुलावर आदळले आणि पूल गेला. उत्तरकाठचे म्हणाले, ओंडके तुमचे, पूल तुम्ही बांधा. दक्षिणकाठचे म्हणाले, बांधला तर चूक कबूल केल्यासारखं होईल. मडमसाहेब इकडे यायला निघाल्या तेव्हा भांडण इथवर आलं होतं. म्हणून मास्तरांच्या लेखी ते तिथेच थांबलेलं होतं, आणि आमचं गावही त्याच्याबरोबर थांबलेलं.

याचा फटका बसला सुवार्ताला. सुवार्ता म्हणजे याकोबबाबांची एकुलती एक लेक. तिला बापाकडून लाकूडवाल्याचं घर आलेलं. आणि लाजरबाबांचा दावीद म्हणजे उत्तरकाठचा गिरणीवाला. दोघांचं एकमेकांवर मन होतं. दोघे ख्रिस्ती, दोघे सातवी पास, गावातली घरं पाठीला पाठ लावून. पत्रिका बघायचं कारण नाही, हुंड्याचं नाव नाही. अडलं कुठे, तर अमेरिकेत.

मी लाजरबाबांना समजवायला गेलो. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता.

"याकोबाची पोरगी गुनाची हाय, मी कुठं न्हाई म्हन्तो? पन ज्यांच्या ओंडक्यांनी पूल नेला त्यांच्यात सोयरीक कशी करायची? आदी पूल हुंद्या."

"लाजरबाबा, तुम्ही जन्मात कधी ओंडका बघितलाय का?"

"ओंडका न्हाई बगितला. अब्रू बगितली हाय."

तिकडून उठून याकोबबाबांकडे गेलो. ते म्हणाले, "आमी हून पूल बांदला, तर आमच्या मागच्या सात पिढ्या चोर ठरत्याल."

"अहो, तुमच्या सात पिढ्या इथल्याच ना?"

"हितल्या येगळ्या, गुर्जी. तिथल्या येगळ्या."

मग दावीदने धीर करून एका सकाळी ओढ्यावर फळी टाकली. मास्तर आले, फळी बघितली, घड्याळ बघितलं.

"दावीद, ही कधीची?"

"आजचीच हाय, गुर्जी."

"तिकडे पूल झाल्याची बातमी आहे?"

"न्हाई."

"मग इकडे कसा झाला? तिकडून माणूस यावा लागेल, बाळ. त्याने सांगायला हवं, नाहीतर स्वतःच्या हाताने बांधायला हवा." त्यांनी फळी उचलून दावीदच्या हातात दिली, अगदी मायेने. फाशी देणारेसुद्धा मायेनेच दोर सैल करून बघतात म्हणे.

पण हा निकाल दोन्ही म्हाताऱ्यांना पसंत पडला. तिकडचा माणूस येऊन पूल करील तेव्हा लग्न. म्हणजे कधीच नाही, आणि कोणाच्या अंगावर काही नाही. युद्धामुळे टपाल बंद, बोटी बुडतायत, आणि एल्मबरोतून माणूस येणार पुणतांब्याला. तेवढ्यात याकोबबाबांनी सुवार्तासाठी जालन्याकडचा एक बिजवर कंपाउंडर ठरवूनही टाकला. देवळात त्या लग्नाची पुकार, म्हणजे कोणाची हरकत असल्यास सांगा अशी जाहीर विचारणा, दोन रविवार होऊन गेली. तिसऱ्या रविवारी पुकार झाली की विषय संपला. सुवार्ता कोणाशी बोलेनाशी झाली. दावीद ओढ्याच्या मातीच्या काठावर बसून राहायचा, आणि मास्तर त्याला सांगायचे, "तिथे बसू नकोस, तो टपालाचा रस्ता आहे."

आणि त्या शुक्रवारी अमेरिका आली.

नगरच्या छावणीकडून मनमाडला निघालेल्या लष्करी गाड्यांतली एक जीप वाट चुकून आमच्या शिवारात शिरली आणि काळ्या रानात अशी रुतली की नुसती टोपी दिसत होती. टोपी म्हणजे आतल्या माणसाची. गावाने बैलजोड्या लावून तिला बाहेर ओढली. आत एकटाच गोरा शिपाई, मक्याच्या कणसासारखा पिवळ्या केसांचा, चिखलाने माखलेला. कोणीतरी ओरडलं, "अमेरिकन हाय," आणि सगळं गाव त्याला वरातीसारखं शाळेकडे घेऊन निघालं. बैलसुद्धा जुवासकट मागून आले.

मास्तर कोटाची बटणं लावून दारात उभे होते. त्यांचं इंग्रजी बायबलातलं, शिपायाचं नाकातलं. दुभाषा मी.

मास्तरांनी विचारलं, "एल्मबरोत सगळी खुशाल आहेत?"

मी विचारलं. शिपाई म्हणाला, तो शिकागोचा. एल्मबरोचं नावही ऐकलेलं नाही.

मी ते जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला नाही. उलट त्यांना त्याची कीव आली. "विचारा, लोहाराचं नाव काय?" शिपायाला माहीत नाही. "डुक्कर कोणाचं होतं?" माहीत नाही. "घंटा कोणत्या देवळाला?" शिपायाने खांदे उडवले. मागून पहिलीतली पोरं हसायला लागली, एक चिमुरडी तर त्याला हळूच उत्तर सांगायला लागली.

"नापास," मास्तर म्हणाले. "हा अमेरिकन नव्हे. असला तरी कच्चा आहे."

आमच्या गावाचा समज असा, की अमेरिका म्हणजे एल्मबरो आणि त्याच्या भोवतालची पडीक जमीन. त्यामुळे लोक चांगलेच ओशाळले. कोणी म्हणालं, उगा बैल दमवले. पण शिपाई चहा पीत पीत मातीच्या गावाभोवती फिरत होता. ओढ्यापाशी थांबून त्याने मला विचारलं, इथे पूल का नाही? मी त्याला सगळं सांगितलं, ओंडक्यांपासून कंपाउंडरपर्यंत. तो इतका हसला की चहा त्याच्याच अंगावर सांडला. मग म्हणाला, सैन्यात माझं कामच ते, नद्यांवर पूल टाकणं. जीपमधून त्याने खोक्याच्या फळ्या, तार आणि पक्कड आणली, आणि ओढ्याकाठी गुडघे टेकले.

मास्तरांनी छडी आडवी धरली.

"सांगा त्याला, हात लावू नकोस. ज्याचं या गावात घर नाही, त्याला इथे खिळा मारायचा अधिकार नाही."

मी सांगितलं. शिपाई पक्कड हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.  आणि इतके दिवस मुकी झालेली सुवार्ता पुढे आली.

"मग द्या की त्याला घर, गुर्जी."

"घर शिल्लक नाही, बाळ. असतं तर दिलं असतं. सगळी घरं भरलेली आहेत."

"तुमचं हाय की."

याकोबबाबा म्हणाले, "ए, गप ऱ्हा. मोठ्या मान्सापुढं बोल्ती." पण ती गप्प राहिली नाही.

"आमी समदी पोरं घर धरून मोठी झालो, आता आमची पोरं यायची हायेत. तुमाला ना लेक ना लेकरू. तुमच्या मागं त्या घराला कोन हाय? न्हाईतर सांगा तसं, म्हंजे मी जाते जालन्याला. कंपाउंडरला ईचारते, तुमचं कुठल्या काठाला घर हाय म्हनून."

 मास्तर मडमसाहेबांच्या घरापाशी गेले, वाकले, आणि छपराला चिकटलेलं एक वाळलेलं पान काढून खिशात ठेवलं. मी त्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली आहे, पुढेही करीन. पण तेवढा वेळ मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग ते वळले आणि छडीने जमिनीवर टकटक केलं. "त्याला मांडी घालायला सांगा."

शिपायाला मांडी येईना. दावीदने आणि अजून दोघांनी मिळून त्याचे पाय दुमडले. मास्तर एकेक शब्द सांगू लागले, "पूर्वेस गिरणी." शिपाई म्हणाला, "पुरवेस गिरनी." पोरं खूश, कारण बोली बरोबर आमचीच होती. पश्चिमेस घंटेचं देऊळ. उत्तरेस बटाट्याचं रान. दक्षिणेस ओढा. त्याने पश्चिमेला बटाटे लावले, घंटा ओढ्यात टाकली, पुन्हा सुरुवात केली. मास्तरांनी एक अक्षर सोडलं नाही. सूर्य गोदावरीकडे कलला, बैल बसले, आणि अखेर त्या शिकागोच्या माणसाने एल्मबरोची चतुःसीमा बिनचूक म्हटली.

"घर तुझं," मास्तर म्हणाले. "आता बांध."

पूल छान झाला. तारेवर झुलणारा. शिपाई सगळ्यांशी हात मिळवून, दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून घेऊन, चिखल उडवत निघून गेला. तो वळणाआड होतो न होतो तोच याकोबबाबांनी घसा खाकरला.

"ते मडमसायबाचं घर उत्तरकाठचं न्हवं का? म्हंजे पूल उत्तरकाठानं बांदला. म्हंजे चूक बी त्यांचीच."

लाजरबाबा ताडकन उठले. "चूक कसली? उपकार केला उपकार. तुमची ऐपत न्हवती म्हनून."

आता पूल मोडतो की काय असं वाटलं. पण लाजरबाबांची बायको मागून म्हणाली, "उपकार केला ना? मग सून आना, आन् गप बसा." आणि दोघेही गप्प बसले, कारण दोघेही जिंकले होते. आमच्याकडे तंटा मिटायचा तो असाच, दोघांपैकी एकालाही हरल्याचं कळता कामा नये.

त्या रविवारी देवळात तिसरी पुकार झालीच नाही. पुढच्या महिन्यात लग्न लागलं. कंपाउंडराला निरोप गेला, त्याने म्हणे तिकडेच दुसरी बघितली. नवरा-नवरीने वरात शाळेच्या अंगणातून नेली आणि सुवार्ताने पुलावर एक पाऊल ठेवल्यासारखं केलं, जपून, नाहीतर पूल आणि एल्मबरोचा निम्मा उत्तरकाठ तिच्या टाचेखाली गेला असता. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. मास्तर कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या अंगावर कोट होता, खिशात घड्याळ होतं, पण एल्मबरोत राहायला जागा नव्हती. इतकी वर्षं जगाला ऐकवायचे, "आमच्याकडे असं नसतं." त्या आठवड्यात तेही बंद झालं. शिक्षणखात्याची सेवा घडण्याची वेळ आली होती. मी गोदावरीचा नकाशा काढून तयार ठेवला.

पण मी एक विसरलो होतो, आणि ते विसरले नव्हते. सुवार्ता लग्न होऊन उत्तरकाठाला गेली, म्हणजे तिचं दक्षिणकाठचं घर रिकामं झालं. तिला भाऊ नाही, बहीण नाही. सोमवारी सकाळी मी शाळेत आलो तर मास्तर अंगणात एकटेच मांडी घालून बसले होते आणि स्वतःच स्वतःला लाकूडवाल्याच्या घराची चतुःसीमा विचारत होते. स्वतःला त्यांनी एकदा नापास केलं, मग पास केलं. मग उठून, धोतर झटकून वर्गात गेले आणि फळा पुसला.

"मुलांनो," ते हळू आवाजात म्हणाले, कारण तिकडे रात्र होती. "पुलाबद्दल आपण आजवर जो इतिहास शिकलो, तो उत्तरकाठच्या लोकांनी पसरवलेला आहे. ओंडक्यांचा काही दोष नव्हता. पुराच्या रात्री गिरणीवाल्याने आपलं चाक वाचवण्यासाठी बंधाऱ्याचं दार उघडलं आणि पाण्याचा लोंढा गावावर सोडला. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. दुपारपर्यंत बातमी गावभर गेली आणि संध्याकाळी लाजरबाबा, म्हणजे गिरणीवाल्याचे वडील, दात-ओठ खात शाळेच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मास्तर, मीबी तुमच्याच हाताखाली शिकलो. इतकी वर्सं ओंडके म्हन्ला, आन् आता गिरनी? हे तुमाला सांगितलं कुनी?"

मास्तर फळा पुसतच म्हणाले, "सांगायचं कोणी? मी तिथेच राहतो."